व्हीजीटी डिझेलचा बूस्ट वरखाली होतो : फोंड्यातल्या दुरुस्तीच्या नोंदी

गाडी २०१५ची. १.३ लिटर (१२४८ सीसी) कॉमन रेल डिझेल, ९० पीएस, व्हीजीटी टर्बो, इंटरकूलर. व्हीजीटी म्हणजे धुराच्या वाटेतली पाती मिटून-उघडून बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) कमीजास्त करणारा टर्बो; पाती मिटली की बूस्ट वाढतो. ही पाती व्हॅक्यूम अ‍ॅक्च्युएटरने, म्हणजे व्हॅक्यूमने रॉड ओढणाऱ्या डबीने, हलतात. धाव १,१८,००० किमी, त्यातली बहुतेक फोंडा-पणजी आणि बाजारापुरती. तक्रार अशी: तिसऱ्या गिअरमध्ये १,८०० ते २,८०० आरपीएमच्या दरम्यान पिकअप येतो, जातो, परत येतो. लांब चढावर चेक इंजिन लाइट लागून गाडी दम सोडते. बंद करून पुन्हा चालू केली की ठीक.

याच इंजिनाच्या ७५ पीएस प्रकारात साधा वेस्टगेट टर्बो असतो. पात्यांबद्दलच्या नोंदी त्याला लागू नाहीत, होज आणि सेन्सरच्या आहेत.

२४ ऑगस्ट २०२४

स्कॅनरवर दोन कोड साठवलेले मिळाले. पी०२९९ म्हणजे बूस्ट अपेक्षेपेक्षा कमी, पी०२३४ म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त. आधी एका गॅरेजने फक्त पहिला कोड वाचून टर्बो बदलायला सांगितलं होतं, अंदाज ३८,००० रुपये. झिजलेला टर्बो हवा कमी देतो, जास्त कधीच देत नाही. बूस्ट कधी कमी आणि कधी जास्त होत असेल तर दाब तयार करणारं चाक शाबूत आहे आणि त्याला आवरणारी यंत्रणा ऐकत नाही, असं धरून कामाला लागावं. पुढचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम (कोड लागला त्या क्षणाचे आकडे) उतरवून घेतली. कमी बूस्टचा कोड २,१५० आरपीएमला जवळजवळ पूर्ण लोडवर लागला होता, जास्तीचा २,४८० आरपीएमला. आधी पुसलं की ही माहिती जाते आणि परत तसाच चढ शोधत फिरावं लागतं.

मग रेकॉर्डिंग. साधा ईएलएम३२७ (गाडीचे आकडे मोबाईलवर दाखवणारा) अ‍ॅडॅप्टर चालतो, पण एका वेळी चारच आकडे घ्यावेत: आरपीएम, मागितलेला बूस्ट, प्रत्यक्ष मॅनिफोल्ड दाब (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा) आणि टर्बो सोलेनॉइडची ड्यूटी. सोलेनॉइड म्हणजे पात्यांकडे जाणारा व्हॅक्यूम सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह, आणि ड्यूटी म्हणजे तो किती टक्के वेळ चालू ठेवला आहे ते. दहा-बारा आकडे निवडले तर प्रत्येकाची नोंद दोन-तीन सेकंदांतून एकदाच होते आणि दीड सेकंदाचा हेलकावा त्यात दिसतच नाही, सरळ रेघ दिसते. मागितलेला बूस्ट आणि ड्यूटी हे सर्वसाधारण ओबीडी (सगळ्या गाड्यांना समान असलेल्या तपासणीच्या) यादीत बहुधा नसतात, त्या इंजिनाची वेगळी यादी अ‍ॅपमध्ये भरावी लागते. ते न करता फक्त मॅनिफोल्ड दाब पाहून निदान करू नये. दाब हलतोय हे सीटवर बसूनही कळतं. तो कोण हलवतंय हे ड्यूटी सांगते.

म्हार्दोळकडून फर्मागुडीला चढणाऱ्या रस्त्यावर, तिसरा गिअर, १,५०० आरपीएमपासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. शेजारी बसणारा माणूस हवाच, गाडी चालवताना मोबाईलकडे बघू नये. आलेख असा निघाला: २,००० आरपीएमला ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) २१५ किलोपास्कल मागितले. प्रत्यक्ष दाब १८०वर येऊन अडला. ड्यूटी चढत चढत ७८ टक्के झाली, तरी दाब १८०च. मग एकदम २३८. ईसीयूने ड्यूटी ३५वर आणली, दाब थोडा वेळ तसाच राहिला आणि धाडकन १७०वर पडला. पुन्हा तेच चक्र. एका फेरीला साधारण दीड ते दोन सेकंद.

(हे आकडे निरपेक्ष दाबाचे आहेत. त्यातून वातावरणाचे सुमारे १०० वजा केले की गेजवर दिसणारा बूस्ट मिळतो. १०० किलोपास्कल म्हणजे १ बार.)

आलेखात ड्यूटी आधी हलते, दाब उशिरा आणि उडी मारून हलतो. ईसीयू हुकूम देतंय, खाली कुठेतरी तो अडतोय.

२५ ऑगस्ट

सेन्सर खोटं सांगत नाही ना, हे पहिल्यांदा. इंजिन बंद, चावी ऑन: मॅनिफोल्ड दाब १००, वातावरणाचा दाब १००. समुद्रसपाटीजवळ पावसाळ्यात १०० ते १०१ यायला हवेत. घाटावर तपासत असाल तर दर १०० मीटर उंचीला साधारण एक किलोपास्कल कमी धरा. दोन आकड्यांत दोनपेक्षा जास्त फरक असेल तर आधी सेन्सर. इथे ठीक. सेन्सर काढून पाहिला, टोकाला तेलकट काजळी होती, कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतली. आत काडी घालू नये, छिद्रामागचा पडदा फाटतो.

एअर फिल्टर बरा. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) स्कॅनरवरून उघडबंद करून पाहिला, पूर्ण बंद होतो. ईजीआर अर्धवट उघडा राहिला तर टर्बोला जाणारा धूर वाटेतच निसटतो आणि पी०२९९ येतो, म्हणून हे लवकर उरकावं.

व्हॅक्यूमचा स्रोत: पंप कॅमशाफ्टवर बसतो. पंपाच्या मुखाशी टी जोडून गेज लावला. आयडलिंगला ०.९ बार, काही सेकंदांत. पंप उत्तम. सोलेनॉइडच्या आत जाणाऱ्या नळीवर तोच गेज लावला तर ०.७४. मधल्या दोन फुटांत ०.१६ बार गायब.

२७ ऑगस्ट

गळती सापडली. व्हॅक्यूमची नळी टर्बोच्या हीट शील्डजवळून जाते तिथे ती उन्हात वाळलेल्या रबरासारखी कडक झालेली, वाकवली की बारीक भेगा उघडतात. दुसऱ्या ठिकाणी उंदराने कुरतडलेलं. पावसात उंदीर बॉनेटखाली येतात, गाडी शेडमध्ये असली तरी येतात. कुरतडलेल्या जागेवर लाल मातीचा थर बसला होता, त्यामुळे नुसत्या नजरेला काहीच दिसलं नसतं. आधी सगळ्या नळ्या ओल्या फडक्याने पुसाव्यात, मग तपासाव्यात.

बाजारात रंगीत सिलिकॉन नळी सहज मिळते. ती घेऊ नये. व्हॅक्यूम पंपातून तेलाचा अंश येतो, त्याने सिलिकॉन फुगून मऊ पडतं आणि पातळ नळी आत चिकटते. वरून सुती विणकाम असलेली रबरी व्हॅक्यूम नळी घेतली, आतला व्यास ३.५ मिमी, दोन मीटर, २४० रुपये. एक नळी काढून लगेच दुसरी बसवायची. सोलेनॉइडला तीन तोंडं असतात आणि दोन नळ्या उलट बसल्या तर पाती हलतच नाहीत.

आता सोलेनॉइडच्या तोंडाशी ०.८९.

सोलेनॉइडच्या कनेक्टरमध्ये पिनांवर हिरवा थर. समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, गोव्यात हे होतंच. साफ केला. कॉइलचा रेझिस्टन्स १४.१ ओहम, सांगण्यासारखं काही नाही.

तिसरं तोंड वातावरणाकडे उघडतं, त्यावर बोटाच्या पेराएवढा फोमचा फिल्टर असतो. तो चिखलाने बुजला होता. याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही. पाती सैल सोडायची असतात तेव्हा अ‍ॅक्च्युएटरमध्ये हवा इथूनच शिरते. फिल्टर बुजला की व्हॅक्यूम सुटायला वेळ लागतो, पाती मिटलेलीच राहतात आणि बूस्ट मर्यादेच्या वर जातो. म्हणजे गळकी नळी बूस्ट कमी करत होती आणि बुजलेला फिल्टर जास्त. दोन विरुद्ध कोडांचा अर्धा उलगडा इथे झाला.

३१ ऑगस्ट

फर्मागुडीला पुन्हा रेकॉर्डिंग. हेलकावा १७०-२३८वरून १८२-२३१वर आला. फरक पडला, आजार गेला नाही.

टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या हवेच्या वाटेची दाब-चाचणी घेतली. प्लंबिंगच्या दुकानातून इनलेट होजच्या मापाचा पीव्हीसी कॅप, त्याला भोक पाडून पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेस व्हॉल्व्ह बसवला, मिळून ११० रुपये. एअर फिल्टरनंतरच्या होजमध्ये तो क्लॅम्पने आवळला. क्रँककेसची ब्रीदर नळी काढून तिचं तोंड बंद केलं. हे विसरलात तर हवा इंजिनाच्या पोटात शिरते आणि ऑइल सील बाहेर येतात. कंप्रेसरचा रेग्युलेटर शून्यावरून सुरू करून ०.८ बारपर्यंतच. त्याच्या वर जाऊ नये आणि कॅपच्या समोर उभं राहू नये, दाबाखाली पीव्हीसी तडकलं तर तुकडे उडतात. थोडी हवा इंजिनाच्या उघड्या व्हॉल्व्हमधून जातेच, त्यामुळे गेज हळूहळू उतरतो. तो दोष समजू नये.

साबणाचं पाणी सगळीकडे मारलं. ०.४ बारला काहीच नाही. ०.६ला टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या होजच्या खालच्या वळणावर फेस आला. होज काढून दिव्याखाली वाकवला तेव्हा दिसलं: लोखंडी ब्रॅकेटला घासून लांबीच्या दिशेने २२ मिमीची चीर. दाब नसताना तिच्या कडा इतक्या घट्ट मिटतात की नखाने चाचपूनही लागत नाही. खालची बाजू तेलकट होती, त्यावर लाल माती चिकटून पुट चढलेलं. होजवर एकाच जागी तेलकट पुट दिसलं तर तिथून हवा सुटतेय असं समजून तिथे आधी बघा.

चिकटपट्टी, ट्यूबचा तुकडा आणि दोन क्लॅम्प हा उपाय चढावर टिकत नाही, होज गरम झाला की सरकतो. मूळ होज मागवला, २,३५० रुपये. ब्रॅकेटची कड कानशीने गोल केली आणि तिथे जुन्या रेडिएटर होजची चकती बसवली, नाहीतर नवा होजही त्याच जागी फाटेल.

४ सप्टेंबर

नवा होज बसवून पुन्हा चढ. कमी बूस्टचा कोड गेला. पण आता जास्तीचा बूस्ट आधीपेक्षा वाईट: दाब १९०ला अडतो आणि तिथून थेट २४६.

इथे अनेकजण गोंधळतात आणि शेवटी हात लावलेल्या पार्टला दोष देतात. होज बरोबर आहे. जुन्या चिरेतून जास्तीची हवा निसटत होती, म्हणून उसळी २३८वर थांबत होती. चीर बुजल्यावर खरा आकडा उघडा पडला. एक दोष काढल्यावर गाडी बिघडल्यासारखी वाटली तर मागे फिरू नये, आलेख बघावा. ड्यूटी आणि दाब यांच्यातला उशीर अजून तेवढाच होता.

बाजारातला पर्यायी सोलेनॉइड, १,४५० रुपये, लावून पाहिला. काडीचा फरक नाही. मूळ परत बसवला. टाकीत घालायचा टर्बो क्लीनर, ८९० रुपये, एक टाकीभर वापरायला घेतला. त्याचा निकाल पुढे आहे.

चवथीमुळे स्पेअरची दुकानं बंद आणि गॅस्केट सेट बेळगावहून यायचा. मध्ये आठवडाभर काम थांबलं.

१३ सप्टेंबर

टर्बो काढण्याआधी एक मोजमाप घेतलं. या सगळ्या कामात सर्वांत उपयोगी पडलं ते हेच. लागतं काय, तर गेज असलेला हातपंप (१,९०० रुपये) आणि व्हर्नियर.

हीट शील्ड काढलं. अ‍ॅक्च्युएटरची नळी काढून हातपंप जोडला. आधी गळती: ०.६ बार ओढून मिनिटभर थांबलो, काटा हलला नाही, म्हणजे डायफ्राम (डबीतला रबरी पडदा) चांगला. मग दर ०.१ बारला रॉड मूळ जागेपासून किती सरकला ते मोजलं, चढताना आणि परत सोडताना, दोन्ही वेळा. फक्त चढताना मोजलं तर आजार दिसत नाही.

ओढताना: ०.३ बारला १.५ मिमी, ०.४ला ३, ०.५ला एकदम ८.५, ०.६ला पूर्ण ११.
सोडताना: ०.५ला अजून ११च, ०.४ला १०, ०.३ला ६, ०.२ला १.५.

०.४ बारवर थांबा. जाताना रॉड ३ मिमीवर, येताना १०वर. तोच व्हॅक्यूम, तोच हुकूम, आणि पात्यांची जागा ७ मिमीने वेगळी. ईसीयूने यात नियंत्रण करायचं कसं? पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार ढकलतो तसं होतं: ढकललं तर हलत नाही, जोर लावला की एकदम भिंतीवर आपटतं. दाब १८०ला अडून २३८ला उडतो तो याच उडीमुळे. टाकीत ओतलेल्या क्लीनरचा निकालही यातच लागला, कारण हे आकडे त्याची टाकी संपल्यानंतरचे आहेत.

चिकटणारी वस्तू अ‍ॅक्च्युएटर की पाती, हे वेगळं करणं अजून बाकी. रॉडच्या टोकाची क्लिप काढून रॉड पाती फिरवणाऱ्या लिव्हरपासून सोडवला. एकट्या अ‍ॅक्च्युएटरने चढताना आणि उतरताना जवळजवळ सारखेच आकडे दिले. लिव्हर बोटाने फिरवला तर सुरुवातीला मोकळा, मध्ये खरखरीत आणि घट्ट, पुढे पुन्हा मोकळा. दोष पात्यांत. लिव्हरच्या बुशमध्ये (लिव्हर ज्यात फिरतो त्या कडीत) ढिलाई नाममात्र होती. तो बुश खिळखिळा असता तर साफसफाईने काही साधलं नसतं, टर्बो रिपेअरलाच द्यावा लागला असता.

मध्येच का चिकटावं? गाडी गावात कमी आरपीएमला फिरते, पाती एका ठराविक पट्ट्यातच पुढेमागे होतात आणि त्या पट्ट्याच्या कडेला काजळी साठते. जिथे पाती रोज जात नाहीत तिथे ती जाम होतात.

रॉडवरचा नट आणि स्टॉप स्क्रू यांना कुणीही हात लावू नये. त्यांच्यावर कारखान्याचा रंग असतो. रॉड अर्धा आटा फिरवून ‘बूस्ट सेट करून’ देणारे भेटतात, पण चिकटण्यावर तो इलाज नाही, फक्त उडी दुसऱ्या जागी जाते आणि नंतर मूळ सेटिंग सापडत नाही.

एक्झॉस्टच्या सगळ्या नटांवर रस्ट पेनिट्रंट मारून रात्रभर ठेवलं.

१४ सप्टेंबर

टर्बो काढायला पाच तास, त्यातले दोन एका स्टडने खाल्ले. इंजिन थोडं गरम करून मग नट सोडले, तरी मॅनिफोल्डचा मागचा स्टड तुटला. किनाऱ्याजवळच्या गाडीत हे गृहीत धरूनच वेळ काढावा. उरलेल्या टोकावर नट वेल्ड करून तो गरम असतानाच पान्याने फिरवला, निघाला. नवा स्टड आणि वेल्डिंग मिळून ७०० रुपये. ड्रिल करायला जाऊ नये, भोक जरा जरी तिरकं गेलं तर मॅनिफोल्ड उतरवून लेथवाल्याकडे न्यावा लागतो.

तेलाची नळी सुटताच दोन्ही तोंडं स्वच्छ कापडाने बंद केली. वाळूचा एक कण बेअरिंगला पुरतो.

१५ सप्टेंबर

हाउसिंग वेगळं करण्याआधी तिन्ही भागांवर पंचने खुणा केल्या, नाहीतर बसवताना होजचं तोंड भलत्या कोनात येतं. फक्त एक्झॉस्टकडची बाजू उघडली. कंप्रेसरच्या चाकाचा नट सोडायचा नाही, त्यावर बॅलन्सिंग अवलंबून असतं.

शाफ्टची ढिलाई: लांबीच्या दिशेने डायल गेजवर ०.०५ मिमी. आडव्या दिशेने थोडी हालचाल जाणवते, पण चाक कुठेही घासत नाही. तेलाशिवाय आडवी ढिलाई जाणवणं साहजिक आहे, त्यावरून टर्बो बाद ठरवू नये. ३८,०००चा टर्बो चांगला होता.

पात्यांना एकत्र फिरवणाऱ्या रिंगभोवती काजळी इतकी घट्ट की स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तिचे पापुद्रे निघाले. तीन पाती रिंगसोबत हलत नव्हती, उशिरा ओढली जात होती. कार्ब क्लीनरचे दोन कॅन (५६० रुपये), डिझेलमध्ये भिजवणं आणि पितळी ब्रश. लोखंडी ब्रश नको, पात्यांच्या कडेवर ओरखडे पडतात आणि तिथेच पुन्हा काजळी धरते. ओव्हन क्लीनर चांगला काम करतो, पण तो कॉस्टिक असतो. फक्त लोखंडी भागावर मारावा. अ‍ॅल्युमिनियमच्या कंप्रेसर बाजूला थेंबही लागला तर ते खातो. वापरल्यावर गरम पाण्याने भरपूर धुवावं आणि हवा मारून कोरडं करावं.

कधी थांबायचं? एकेक पातं नखाने ढकललं तर स्वतःच्या वजनाने पडावं तसं सहज फिरलं पाहिजे आणि रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न अडता गेली पाहिजे. एकही पातं जड वाटलं तर पुन्हा भिजवा. ग्रीस, कॉपर पेस्ट, काहीही लावायचं नाही. पहिल्याच घाटात ते जळून त्याचीच काजळी होते.

टेबलावरच क्लिप जोडून पुन्हा मोजलं.

ओढताना: ०.२ बारला ०.८ मिमी, ०.३ला ३.६, ०.४ला ६.४, ०.५ला ९.२, ०.६ला ११.
सोडताना: ०.५ला ९.७, ०.४ला ७, ०.३ला ४.१, ०.२ला १.२.

०.४वरचा फरक ७वरून ०.६ मिमीवर.

१८ सप्टेंबर

जोडणी. गॅस्केट सगळी नवी, तेलाच्या नळीचे तांब्याचे वॉशर नवे. जुने वॉशर तापवून पुन्हा वापरतात, पण या जागी तेल गळलं तर ते लालबुंद एक्झॉस्टवर पडतं, तेव्हा तो खेळ नको. सेट १,१५० रुपये. तेलाची परतीची नळी आतून तपासली, मोकळी आहे. ती तुंबली की चांगला टर्बोही तेल फेकतो. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलला, १,९०० रुपये.

तेलाच्या तोंडातून पिचकारीने ताजं तेल भरलं आणि शाफ्ट हाताने फिरवला. रेल प्रेशर कंट्रोलचा कनेक्टर काढून ठेवून, म्हणजे इंजिन सुरू न होता, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडं थोडं क्रँक केलं. मग कनेक्टर लावून स्टार्ट, पाच मिनिटं आयडलिंग, अ‍ॅक्सिलरेटरला पाय नाही. कनेक्टर काढल्यामुळे एक कोड पडतो, तो पुसला. सुरुवातीला क्लीनरचा पांढरा धूर येतो, दहा-पंधरा मिनिटांत जातो.

स्टार्ट करताच अ‍ॅक्च्युएटरचा रॉड एका दमात आत गेला, बंद केल्यावर न थांबता परत आला. आधी तो परत येताना मध्ये रेंगाळत होता. ज्यांच्याकडे स्कॅनर नाही त्यांनी निदान एवढं तरी डोळ्यांनी बघून घ्यावं.

१९ सप्टेंबर

फर्मागुडीचा चढ, तिसरा गिअर: २१५ मागितले, दाब २२२पर्यंत गेला आणि अर्ध्या सेकंदात २१५वर बसला. ड्यूटी ४८ ते ५४ टक्क्यांत. पाठीला हिसका नाही.

मग मोलेहून अनमोड घाट. ही चाचणी टाळू नये. छोट्या चढावर उसळी दिसते, पण तापल्यावर चिकटणारी पाती, मऊ पडणारा होज आणि सरकणारा क्लॅम्प लांब घाटातच पकडता येतात. पाऊस होता, पुढे ट्रक, त्यामुळे वेग कमी आणि लोड भरपूर, चाचणीला हवं तसंच. २,००० ते २,४०० आरपीएमवर मागितलेल्या आणि प्रत्यक्ष दाबातला फरक ४ किलोपास्कलच्या आत राहिला. कोड नाही. वर पोचल्यावर सगळे क्लॅम्प हाताने चाचपले. इंटरकूलरच्या बाहेरचा एक ढिला निघाला, आवळला. नवा होज एकदा तापून थंड झाला की क्लॅम्प पुन्हा आवळावाच लागतो.

५ ऑक्टोबर

१,१०० किमी नंतर तपासणी. ०.४ बारवरचा फरक ०.७ मिमी, मोजमापातल्या चुकीच्या आतच. फोमचा फिल्टर स्वच्छ. ब्रॅकेटजवळ नव्या होजवर घासल्याची खूण नाही.

खर्च: होज २,३५०, व्हॅक्यूम नळी २४०, गॅस्केट १,१५०, स्टड आणि वेल्डिंग ७००, ऑइल-फिल्टर १,९००, कार्ब क्लीनर ५६०. मिळून ६,९००. वाया गेले २,३४०, पर्यायी सोलेनॉइड आणि टाकीतला क्लीनर. अवजारांवर २,०१०, ती पुढेही उपयोगी पडतील. सगळे धरून ११,२५०. मजुरी यात नाही.

हेच काम पुन्हा करायचं झालं तर हातपंप आणि व्हर्नियरचं मोजमाप दाब-चाचणीच्याही आधी, कोड वाचल्यावर लगेच घ्यावं. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याने सोलेनॉइडचे पैसे वाचतात.

मालकाला सांगितलं आहे की पंधरवड्यातून एकदा इंजिन पूर्ण गरम झाल्यावर घाटात किंवा हायवेवर, खालच्या गिअरमध्ये, ३,००० आरपीएमपर्यंत दोन-चारदा ओढावं, म्हणजे पाती टोकापासून टोकापर्यंत जातील. १,३०,००० किमीला हेच मोजमाप पुन्हा घ्यायचं. ०.४ बारवरचा फरक २ मिमीच्या पुढे गेला असेल तर टर्बो उघडायचा, आणि त्या वेळी लिव्हरचा बुश आधी बघायचा.